ऑनलाइन मराठीत लिहायचं आहे, पण विषयच सुचत नाही. नवख्याने सुरुवात कशी करावी?

माझं उलटं होतं. मला विषय फार सुचायचे. सोलापुरात चादरींच्या दुकानात हिशेब लिहायचं काम, आणि लिहायला बसलो की सल्ले थेट जगाला: यशाचे मार्ग, सकारात्मक विचार वगैरे. एका मित्राने वाचून एवढंच विचारलं, "हे कुणाचं फॉरवर्ड केलास बे?"

मग एकदा चिडून शेंगाच्या चटणीवर लिहिलं. बाहेरगावी कुणीतरी मिक्सरमधला कोरडा भुगा 'सोलापुरी चटणी' म्हणून वाढला होता. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ उखळात कुटत गेलं की दाण्याला तेल सुटतं. चिमटीत दाबलं तर चटणी धरून राहते. आई कुटताना आवाज बदलला की थांबायची, हे मी जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलं. लोकांनी नेमकं तेच धरलं. आवाज बदलतो म्हणजे कसा होतो? मला सांगता येईना. पुढच्या वेळी उखळापाशी बसून ऐकलं. आधी खट्‌खट्‌ असतो, तेल सुटलं की दबका, ओला 'थप' येतो. माझं खरं लिहिणं तिथून सुरू झालं असं मी धरतो.

म्हणून तुमच्या घरातलं, कामातलं जे काही पाहुण्याला समजावून सांगावं लागतं, ते आधी लिहा.

टायपिंगचं म्हणाल तर फोनवर बोलूनही लिहिता येतं, पण टाकण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. लग्नाच्या जेवणावळीबद्दल लिहिताना 'आचाऱ्यांना' ऐवजी माझ्या हातून 'आचार्यांना' गेलं, आणि मांडवात गुरुजींना कांदे चिरायला बसवल्यासारखं झालं. अजून लोक चिडवतात. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवू नका, समोरच्याला नुसती गिचमिड दिसते. युनिकोडच वापरा, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणारी अक्षरं.

आणि जे पाठ आहे असं वाटतं, ते आधी तपासा. चार हुतात्मा चौकातून माझं रोजचं जाणं-येणं, त्या जोरावर फाशीचं साल १९३० ठोकून दिलं. इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, १९३० चा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला. एका वाचकाने चूक दाखवली. मी आधी वाद घातला, मग गुपचूप साल बदललं. त्यामुळे त्या भल्या माणसाची टिप्पणीच खुळ्यासारखी दिसायला लागली. आता चूक झाली की खाली 'दुरुस्ती' म्हणून ओळ टाकतो आणि सांगणाऱ्याचे आभार मानतो.

रोज लिहावं का, किती लाइक्स यावेत, यात मी पडत नाही. मला सुट्टीच्या दिवशी जमतं, तेवढं लिहितो.

तुम्ही काय काम करता ते प्रश्नात दिलेलं नाही. खाली टिप्पणीत सांगा, त्यातूनच पहिला विषय काढू.