हिरवं पाणी, बोअर आणि क्लोरीन

प्रश्न: गंगापूर रोडला फार्महाऊस घेतलं, सोबत स्विमिंग पूल आयताच मिळाला. पाणी बोअरचं. क्लोरीन टाकतोय तरी हिरवं पडतंय, सगळं पाणी बदलू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो नका बदलू, एवढं पाणी फुकट घालवायचं आणि परत तेच बोअरचं भरायचं! आधी टेस्ट किट आणा. पीएच (पाणी किती आम्लयुक्त की क्षारयुक्त, त्याचं माप) ७.२ ते ७.८ मध्ये हवा, तो वर गेला की क्लोरीन टाकूनही नीट काम करत नाही, आणि बोअरचं पाणी जड असेल तर टाइल्सवर पांढरे थर पण बसतात. पीएच आधी पूलच्या अॅसिडने खाली आणा, मग भिंती ब्रशने घासा आणि क्लोरीनचा जास्तीचा डोस संध्याकाळी द्या, कारण उन्हात क्लोरीन लगेच उडतं (एप्रिलचं आपलं ऊन माहितीये ना). फिल्टर रात्रभर चालू, प्रेशर वाढलं की बॅकवॉश (म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं). क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर (दहा लाख भागात एक ते तीन भाग) येईपर्यंत पोरांना उतरू देऊ नका. आणि अॅसिड नि क्लोरीन कधीच एकत्र करू नका, विषारी गॅस होतो, दोन्ही डबे शेजारी पण ठेवू नका.