फरसबंदीची मर्यादा कोठे आखावी?

प्रश्न: आमचा भाग झपाट्याने वाढतो आहे आणि घरांची आवारे, गल्ल्या, वाहनतळ, अगदी झाडांच्या बुंध्यापर्यंतची जमीनही काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकखाली जात आहे. प्रत्येक भूखंडावर ठरावीक टक्के जमीन मोकळी ठेवण्याचा नियम केला, तर हे थांबेल का? ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरतेच, असे कंत्राटदार सांगतात. ते खरे मानावे का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याची परीक्षा तांब्याभर पाण्यात होते. कोरड्या दिवशी ब्लॉकवर पाणी ओतून पाहावे. ते फटींत उतरण्याऐवजी उताराकडे धावू लागले, तर ती फरसबंदी नावापुरतीच सच्छिद्र आहे. नेहमीचे ब्लॉक दाबून घट्ट केलेल्या थरावर बसवतात, फटींत बारीक वाळू भरतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्या फटी मातीने व शेवाळाने बुजतात. पाणी खरोखर मुरवायचे असेल, तर रुंद फटी, त्यांत वाळूऐवजी बारीक खडी आणि खाली मोकळ्या खडीचा जाड थर हवा. शिवाय फटी अधूनमधून साफ कराव्या लागतात. हिशेब साधा आहे: 100 चौरस मीटर पक्क्या आवारावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळपास हजार लिटर पाणी तत्काळ गटाराच्या वाटेला लागते.

आता भूखंडांच्या नियमाविषयी. तो जरूर असावा, परंतु एवढ्यावर भिस्त ठेवली तर परिणाम उलटाही होऊ शकतो. समजा, 80 घरे बांधायची आहेत. एकरी एक घर बांधून भूखंड आणि त्याच्या वाट्याचा रस्ता मिळून 20 टक्के जमीन झाकली, तर 80 एकरांपैकी 16 एकर झाकले जातात. तीच घरे एकरी आठ या दाटीने बांधली आणि तेथे 65 टक्के जमीन झाकली गेली, तरी 10 एकरांत साडेसहा एकरच झाकले जातात व उरलेले 70 एकर शाबूत राहतात. म्हणजे भूखंडाच्या पातळीवर जो हिरवा दिसतो, तोच आराखडा प्रदेशाच्या पातळीवर उधळा ठरतो. अर्थात, ते 70 एकर पुढेही मोकळेच राहतील अशी हमी नसेल, तर हा सगळा हिशेब कागदावरच राहतो. म्हणून अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने 1973 च्या कायद्याने शहरांना वाढीची सीमारेषा आखणे भाग पाडले, तर युरोपीय आयोगाने 2050 पर्यंत जमिनीचा निव्वळ नवा वापर (नव्याने बांधकामाखाली गेलेली वजा पुन्हा मोकळी केलेली जमीन) शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट 2011 साली मांडले. मोजणीचे एकक भूखंड नव्हे, तर ओढ्याचे संपूर्ण पाणलोट असावे. त्यातील सुमारे 10 टक्के जमीन अपारगम्य, म्हणजे पाणी न मुरणारी, झाली की ओढ्याची प्रकृती ढासळू लागते, असे पाणलोटांचे अमेरिकी अभ्यासक टॉम श्यूलर यांनी 1994 साली उपलब्ध अभ्यासांच्या आधारे दाखवले होते.

घरांपेक्षा अधिक जागा वाहने खातात, हे मात्र चर्चेत सहसा येत नाही. एक मोटार उभी करण्यास, ये-जा करण्याची वाट धरून, 25 ते 30 चौरस मीटर जागा लागते. म्हणजे ती राहत्या खोलीपेक्षाही ऐसपैस जागेत उभी असते. बांधकाम नियमावलीतील वाहनतळांची किमान संख्या हीच जमीन झाकण्याची सक्ती ठरते. अमेरिकेतील बफेलो शहराने 2017 मध्ये ही किमान अट काढून टाकली. माझ्या मते, वाढत्या भागात सर्वांत आधी हेच कलम तपासावे.

खासगी आवारांसाठी मनाईपेक्षा आकारणी अधिक परिणामकारक ठरते. जर्मनीतील बहुतेक शहरांत सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे शुल्क वेगवेगळे असते. दुसरे शुल्क गटाराला पाणी सोडणाऱ्या पक्क्या क्षेत्रफळावर ठरते, त्यामुळे फरशी काढली की बिल कमी होते. इंग्लंडमध्ये 2008 पासून घरापुढील 5 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा पाणी न मुरणाऱ्या साहित्याने झाकायची असेल आणि त्यावरचे पाणी बागेसारख्या मोकळ्या जमिनीत वळवलेले नसेल, तर परवानगी घ्यावी लागते.

प्रश्न: आमच्या सोसायटीने अंगणातील जुने काँक्रीट उखडले, परंतु तेथे आता पावसाचे पाणी साचून राहते. मग उखडून काय मिळाले?

उत्तर: उखडण्याचे काम अर्धेच झाले आहे. काँक्रीटखालची माती वर्षानुवर्षे दबून विटेसारखी घट्ट झालेली असते आणि तिच्यावर बहुधा दाबलेल्या मुरमाचा थरही असतो. तो थर काढून माती हातभर खोल मोकळी करावी, तिच्यात चांगले कुजलेले खत मिसळावे, खोल मुळांची झुडपे किंवा गवत लावावे आणि पहिला एक पावसाळा तरी त्यावरून वाहने नेऊ नयेत. इमारतीच्या पायालगतची पट्टी मात्र तशीच पक्की राहू द्यावी आणि तिचा उतार मोकळ्या मातीकडे काढावा.