साडी नेसून शेख झायेद मशीद पाहता येईल का?

प्रश्न : डिसेंबरात दुबईला चाललो आहोत. एक दिवस अबुधाबीची शेख झायेद मशीद पाहायची आहे. सासूबाई सत्तरीच्या, कायम साडीत असतात. साडी चालेल का? तिकीट किती?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तिकीट नाही. मशिदीच्या अधिकृत संकेतस्थळावर दिवस आणि वेळ निवडून मोफत पास मात्र आधी काढावा लागतो. तो मोबाइलमध्ये ठेवा.

साडीला हरकत नाही, उघड्या पोटाला आणि दंडांना आहे. बायकांचे केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकलेले हवेत. कापड सैल हवं, आरपार दिसणारं नको. आखूड बाह्यांच्या ब्लाउजवर नुसता पदर डोक्यावर घेऊन भागत नाही. पूर्ण बाह्यांचा, कमरेपर्यंत लांब ब्लाउज नाशिकमध्येच शिवून घ्या, नाहीतर साडीवरून सैल अबाया (अंगभर झगा) घालू द्या. तुम्ही पंजाबी ड्रेस घालणार असाल तर लेगिंग नको, सलवार घ्या. ओढणी सुती असावी. जॉर्जेटची सारखी घसरते आणि पहारेकरी सारखे टोकतात. दोन पिना जवळ ठेवा. पुरुषांनी हाफ पँट आणि पातळ पांढरा झब्बा टाळावा.

प्रवेश जमिनीखालच्या दुकानांच्या भागातून आहे. तिथून मशिदीपर्यंत बरंच चालावं लागतं. सरकते पट्टे आहेत, तरी सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची मागायला संकोचू नका.

शक्यतो दुपारी चारच्या सुमारास पोहोचा. भर दुपारी पांढऱ्या संगमरवरावरून ऊन डोळ्यांत जातं. सूर्यास्तानंतर दिवे लागले की भोवतीच्या पाण्यात कमानी उतरतात. चंद्राच्या कलेप्रमाणे दिव्यांची छटाही बदलते. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे तो वार नकोच.

आत गेल्यावर सगळे झुंबराखाली गर्दी करतात. मुख्य झुंबर बारा टनांचं आहे, पाहण्याजोगं आहेच. पण खाली अंथरलेला गालिचाही बघा: ५,६२७ चौरस मीटर, इराणी विणकरांनी हाताने विणलेला. अंगणातली संगमरवरातली वेलबुट्टी तर सावकाश बघावी. फोटो काढता येतात. मिठी मारून, हातात हात घालून मात्र नकोत.

दुबईत इब्न बतूता मेट्रो स्थानकाजवळून ई १०१ ही बस अबुधाबीला जाते, भाडं नोल कार्डाने (दुबईतल्या बस-मेट्रोचं आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड) द्यायचं. अबुधाबीच्या बसस्थानकावर उतरून मशिदीपर्यंत टॅक्सी करा.