खिशातला प्लेअर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाचशे ते बाराशे रुपयांत दोन तऱ्हेचे प्लेअर मिळतात. एक खिशाला अडकवायचा क्लिपवाला, दुसरा मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह आणि एफएम असलेला छोटा स्पीकर. दोन्हींबद्दल आलेल्या पत्रांत ‘प्लेअर बिघडला’ ही तक्रार सगळ्यात जास्त आहे. टाकून देण्याआधी दुसरं कार्ड, दुसरी वायर आणि दुसरी बॅटरी लावून पाहा. बहुतेक वेळा दोष या तिघांपैकी एकात सापडतो आणि प्लेअर ठणठणीत असतो.

प्रश्न : हरिपाठाचे २७ अभंग २७ वेगवेगळ्या फाइलींत आहेत. संगणकावर ओळीने दिसतात, पण स्पीकरवर पहिल्यानंतर एकदम चौदावा लागतो. असं का? (वाचक, पैठण)

संगणक फाइली नावाप्रमाणे लावून दाखवतो. स्वस्त प्लेअर नाव बघतच नाही. कार्डावर फाइलींची नोंद ज्या क्रमाने झाली, त्याच क्रमाने तो वाजवतो. त्यात एखादी फाइल पुसून नवी टाकली, की नवीची नोंद पुसलेलीच्या रिकाम्या जागेत बसते आणि ती भलत्याच ठिकाणी वाजते.

म्हणून आधी कार्डावरचं सगळं संगणकात उतरवून घ्या आणि कार्ड फॉरमॅट करा. फाइलींना ०१, ०२, ०३ अशी नावं इंग्रजी अंकांत द्या. नुसतं १, २ दिलं तर काही ठिकाणी १ नंतर १० येतो. मग सगळ्या निवडून ओढताना माउस पहिल्या फाइलीवर धरा. विंडोजमध्ये ज्या फाइलीवर माउस धरून ओढता, तीच आधी कॉपी होते, आणि सगळा घोळ बहुतेक तिथेच होतो. कार्ड काढताना ‘इजेक्ट’ करायला विसरू नका, नाहीतर शेवटच्या दोन-तीन फाइली अर्धवट राहतात.

प्रश्न : ६४ जीबीचं कार्ड स्वस्तात मिळालं. मोबाईलमध्ये चालतं, प्लेअरमध्ये टाकलं की नुसता दिवा लुकलुकतो. (वाचक, गंगाखेड)

दोन शक्यता आहेत. ३२ जीबीपर्यंतची कार्डं ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात, त्यावरची ‘एक्सफॅट’ने. स्वस्त प्लेअरमधली चिप सहसा फॅट३२ तेवढंच वाचते. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत मोठ्या कार्डाला फॅट३२ हा पर्यायच दिसत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. इतकी खटपट करण्यापेक्षा ८ किंवा १६ जीबीचं कार्ड घ्या.

दुसरी शक्यता जास्त वाईट. कार्ड आतून ८ जीबीचं आणि वर छापलेलं ६४, असा माल बाजारात फिरतो. पहिली आठ जीबी नीट भरते, पुढचं सगळं गायब होतं किंवा खरखरतं. संगणकावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा फुकट प्रोग्राम चालवा. तो कार्ड काठोकाठ भरतो, परत वाचून बघतो आणि खरी जागा किती ते सांगतो. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, पण विकत घेतलेलं कार्ड त्याच दिवशी तपासलं तर बदलून मागता येतं.

प्रश्न : ८ जीबीत दोन तासांची किती कीर्तनं मावतील? आणि लाइट गेली किंवा स्पीकर बंद केला की कीर्तन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, त्याला काय करावं? (वाचक, औसा)

१२८ केबीपीएसला (एका सेकंदाच्या आवाजाला किती डेटा लागतो त्याचं हे माप) एका मिनिटाला साधारण १ एमबी लागते, म्हणजे दोन तासांचं कीर्तन ११५ एमबीच्या आसपास. अशी पासष्टेक मावतात. नुसतं निरूपण असेल तर ६४ केबीपीएस मोनो (डाव्या-उजव्या दोन्हींत एकच आवाज) पुरतं, मग सव्वाशे मावतात. भजनाला मात्र ६४ वापरू नका. टाळ-चिपळ्यांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा लागतो.

स्वस्त प्लेअर फार तर कोणती फाइल चालू होती एवढं लक्षात ठेवतो, फाइलीतली जागा नाही. म्हणून लांब कीर्तनाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. ‘एमपीथ्री डायरेक्ट कट’ या फुकट प्रोग्रामने आवाजाचा दर्जा न घटता कापता येतं. मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या फाइली ‘एमफोरए’ असतात आणि व्हॉट्सअपच्या व्हॉइस मेसेजच्या ‘ओपस’. नाव बदलून शेवटी एमपीथ्री लिहिल्याने त्या वाजत नाहीत, त्यांचं रूपांतरच करावं लागतं.

प्रश्न : नवा टाइप-सी प्लेअर मोबाईलच्या नव्या चार्जरवर चार्जच होत नाही. दुकानदार म्हणतो, मोबाईलच्या जुन्या चार्जरवर लावा. (वाचक, मानवत)

दुकानदार बरोबर सांगतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीत चार्जर आधी समोरच्या यंत्रातले ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर शोधतो, मगच वीज सोडतो. खर्च वाचवायला स्वस्त प्लेअरमध्ये ते बसवलेलेच नसतात. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेली वायर वापरा. चार्जर ५ व्होल्ट, अर्धा ते एक अँपिअरचा पुरेसा आहे.

प्रश्न : गाण्यातली वाद्यं ऐकू येतात, गाणाऱ्याचा आवाज मात्र अगदी दूरवरून येतो. प्लेअर गेला का? (वाचक, जालना)

प्लेअर चांगला आहे. हेडफोनच्या पिनेवर डावा, उजवा आणि दोघांना सामाईक असा ‘अर्थ’ असतो. अर्थचा संपर्क तुटला की कानाला डाव्या-उजव्यातला फरकच तेवढा पोचतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असतो म्हणून तो कटतो, दोन बाजूंना पसरलेली वाद्यं उरतात. मोनो कीर्तन लावून पाहा, तेही जवळजवळ गप्प होईल. हीच खूण पक्की समजा.

कारण बहुतेक वेळा पिन पूर्ण आत न जाणं. खिशातला धागा आणि वेचणीच्या दिवसांतला कापसाचा तंतू जॅकमध्ये दाबून दाबून घट्ट बसतो. प्लेअर बंद करा, लाकडी टूथपिकने तंतू हळूच बाहेर ओढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतली पितळी पत्ती वाकते. मग पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती दोन-चार वेळा आत-बाहेर करा. तरी सुधारलं नाही तर वायर पिनेजवळ तुटली आहे. वायर हलवताना आवाज येत-जात असेल तर तेच.

प्रश्न : उन्हाळ्यात बॅटरी लवकर उतरते आणि फुगते. दर वर्षी बदलावी लागते. उपाय? (वाचक, वसमत)

या बॅटऱ्या लिथियम-आयनच्या. ४५ अंशांच्या वर त्या चार्ज करू नयेत असा सर्वसाधारण नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४२-४३ ला टेकतो. पत्र्याच्या खोलीत, ट्रॅक्टरच्या टपाखाली किंवा खिडकीतल्या उन्हात प्लेअर त्याहून बराच तापतो. उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन गोष्टी एकत्र आल्या की आतली रसायनं लवकर झिजतात, वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते.

म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा करा, जमिनीवर किंवा फरशीवर ठेवून. गादीवर, उशीखाली नको. फुल झाला की काढा. रात्रभर लावून ठेवायची सवय या स्वस्त यंत्रांना मानवत नाही, कारण चार्जिंग थांबवणारी चिप सगळ्यांत सारखी चांगली नसते. वाजवत-वाजवत चार्ज केला तर उष्णता वाढते, शिवाय हलक्या चार्जरची घूं-घूं आवाजात मिसळते. पाणी भरलेल्या माठाच्या बुडाशी प्लेअर ठेवून गार करण्याचा मोह टाळा, ओल आत शिरते.

दुसरं टोकही वाईट. पेरणीच्या धांदलीत प्लेअर महिना-दोन महिने कोपऱ्यात पडतो. बटण दाबून बंद होणारा प्लेअर आतून थोडी वीज खातच राहतो. सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेला की चार्जिंगचा दिवासुद्धा लागत नाही. अर्धा तास चार्जरला लावून पाहा, उठला तर ठीक. बरेच दिवस ठेवून द्यायचा असेल तर निम्मा चार्ज करा आणि बॅटरी निघत असेल तर काढून ठेवा.

खरेदी करतानाच बॅटरी काढता येणारा प्लेअर घ्या, हे आम्ही आग्रहाने सांगतो. बऱ्याच स्पीकरमध्ये नोकियाच्या जुन्या मोबाईलची ‘बीएल-५सी’ बसते. तिची मूळ क्षमता १०२० एमएएच. त्याच आकारावर कुणी २४०० छापलं असेल तर ती घेऊ नका. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा चुलीत टाकू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

प्रश्न : शेतातल्या आखाड्यावर रात्रीच्या जागलीला स्पीकर लावतो. पहिले चार दिवस रानडुकरं आणि रोही फिरकले नाहीत, आता स्पीकरजवळूनच जातात. (वाचक, कळमनुरी)

जनावर त्याच जागेवरून येणाऱ्या त्याच आवाजाला सरावतं. पंधरा-वीस वेगवेगळे आवाज घ्या: माणसांचं बोलणं, हाका, कुत्र्याचं भुंकणं, डबे वाजवणं. मधे दोन, सात, बारा मिनिटांच्या नुसत्या शांततेच्या फाइली घाला. ‘ऑडॅसिटी’ या प्रोग्राममध्ये त्या करता येतात. शांततेमुळे आवाज अचानक येतो आणि बॅटरीही वाचते. स्पीकरची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदला. मध्यम आवाजाला छोटा स्पीकर १५० ते २०० मिलिअँपिअर घेत असेल तर २००० एमएएचच्या सेलवर रात्र निघते. एवढं करूनही जागल सोडू नका, स्पीकर हा तिचा जोडीदार आहे.

प्रश्न : क्लिपवाल्या प्लेअरवर परभणी आकाशवाणी लागत नाही. (वाचक, सेलू)

परभणी केंद्राचं १३०५ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण मीडियम वेव्हचं आहे. तुमच्या प्लेअरमध्ये फक्त एफएम, म्हणजे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. मीडियम वेव्हला आत फेराइटची कांडी लागते, ती या आकारात बसत नाही. त्यासाठी दोन बँडचा साधा रेडिओच घ्या. एफएमसाठी मात्र हेडफोनची वायर हीच अँटेना. ती गुंडाळून न ठेवता पाऊण मीटर तरी मोकळी सोडा आणि पत्र्याच्या बाहेर या.

प्रश्न : दुकानातून गाणी भरलेलं कार्ड घेणं बेकायदा आहे का? अभंग तर संतांचे आहेत. (वाचक, अंबाजोगाई)

शब्द संतांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण गायलेलं ध्वनिमुद्रण वेगळं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षित असतं. परवानगीशिवाय भरून विकणं कायद्यात बसत नाही. गावच्या भजनी मंडळाचं त्यांच्या संमतीने मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, एमपीथ्री करा आणि कार्डावर घाला.

प्रश्न : मुलगा अभ्यास करताना रोज पाच-सहा तास हेडफोन लावतो. किती चालेल? (वाचक, लातूर)

जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल. प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे मोठ्या माणसालाही ८६ डेसिबलला आठवड्याचे दहाच तास. स्वस्त प्लेअरवर मोजणी नसते, म्हणून हात लांब करून जेवढं अंतर होतं तिथून तुम्ही नेहमीच्या आवाजात हाक मारा. त्याला ऐकू आली नाही तर आवाज कमी करायला सांगा. हेडफोन काढल्यावर कानात शीळ घुमत असेल तर दोन-तीन दिवस हेडफोन बंद ठेवा, आणि तरी थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.