भंडारा उचलला, आता झोप लागत नाही

प्रश्न : बाई, नमस्कार. मी खटाव तालुक्यातला, वय ३९. विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करून देण्याचं माझं दुकान आहे. देवावरचा विश्वास कॉलेजात असतानाच गेला. काही वाचून नाही, आपोआपच. कुलदैवत पालीचा खंडोबा. आईचं मन राखायला चंपाषष्ठीला तळी उचलतो, एवढाच संबंध.

ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्री एका पॅनेलची माणसं घरी आली. ताटलीत हळद, वर बेलाची पानं. म्हणाली, आम्हालाच मत देणार म्हणून बेल-भंडारा उचल. मी म्हटलं, मी हे मानत नाही. तर हसून म्हणाली, मग उचलायला तुझं काय जातंय? मी उचलला. दोन हजारांचं पाकीटही ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी मत मात्र मला पटलं त्यालाच दिलं आणि घरी येऊन आईला तसं सांगितलं. ते पॅनेल आमच्या वॉर्डात ११ मतांनी पडलं. महिन्याच्या आत मुलीला डेंग्यू झाला, प्लेटलेट २२ हजारांवर आल्या. आई एकच वाक्य बोलली, "भंडारा खोटा केलास." मुलगी आता बरी आहे. पण त्या चार रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी खंडोबाची माफी मागत होतो. मी नास्तिक की नुसता ढोंगी? आणि देवाधर्माच्या नावानं असं मत मागता येतं का? मोठे नेते तर सभेत राजरोस मागतात.

उत्तर : तुमचं पत्र पाच पानांचं होतं. भंडाऱ्यावर साडेचार पानं आणि पाकिटावर एक ओळ. जागेसाठी पत्र कापलं, पण प्रमाण तेच ठेवलंय. त्या ओळीकडे मी शेवटी येणार आहे.

कायद्याचं आधी सांगते, ते सोपं आहे. 'आम्हाला मत दिलं नाहीस तर तुझ्यावर किंवा तुझ्या माणसांवर देवाचा कोप होईल' अशी भीती मतदाराला घालणं हा गुन्हा आहे. आपल्या फौजदारी कायद्यात ही तरतूद १९२० साली आली, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१मध्ये आहे. विधानसभा-लोकसभेसाठी १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ हेच सांगतं. त्यातलं 'तुझ्या माणसांवर' तेवढं नीट पाहा. दवाखान्यातलं तुमच्या आईचं वाक्य शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ओळखून ठेवलं होतं.

मोठ्या नेत्यांचं म्हणाल तर विलेपार्ल्याची १९८७ची पोटनिवडणूक आठवा. धर्माच्या नावानं मतं मागितली म्हणून उच्च न्यायालयानं डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९५मध्ये ते कायम केलं, आणि प्रचारात भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. पुढे २ जानेवारी २०१७ला सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला, की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावानंही मत मागता येणार नाही. हा वाद ज्या निवडणुकीतून निघाला ती सांताक्रूझची, १९९०ची! सत्तावीस वर्षं. तेव्हा कायदा आहे, पण त्याच्या भरवशावर तुमची आजची रात्र शांत जाईल असं मी म्हणणार नाही.

आता भंडाऱ्याकडे येते. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, म्हणजे निवडणुकीची ड्यूटी पाचवीला पुजलेली. १९९५च्या विधानसभेला माण तालुक्यातल्या एका केंद्रावर होते. तेव्हा मतपत्रिका आणि शिक्का. दुपारी दोनच्या सुमाराला एक म्हातारी मतपत्रिका घेऊन आडोशाला गेली आणि तशीच परत माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "बाई, भंडारा एकाचा उचाललाय अन् मन दुसऱ्याकडं हाय. शिक्का कुठं मारू?" मला काही सांगायची मुभा नव्हती. मी म्हटलं, "आजी, तिथं आत तुम्ही एकट्याच असता. कुणाला कळत नाही." ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये. म्हणाली, "एकटी कुठनं? मल्हारी असतोय की."

मत गुप्त असतं, हीच या माणसांची अडचण. केंद्रावर किती मतं कुणाला पडली ते मोजणीत कळतं, पण तुमचं एकट्याचं कळत नाही. तिथं कुणाचा पोलिंग एजंट आत जाऊ शकत नाही. म्हणून देवाला एजंट नेमायचा. तोही बिनपगारी! खंडोबाला यापेक्षा खालच्या कामाला कुणी लावलं नसेल. तुमच्या दारी आलेली माणसं श्रद्धाळू होती असं समजू नका. 'मानत नाहीस तर उचलायला काय जातंय' असं श्रद्धाळू माणूस बोलूच शकत नाही. त्या ताटलीभोवती जेवढे उभे होते, त्यांत भंडाऱ्याचं मोल तुम्हालाच सगळ्यांत जास्त वाटलं असावं. म्हणूनच तुम्ही नको म्हणालात.

बाकड्यावर मागितलेल्या माफीबद्दल. मी माझं सांगते, त्यातून तुम्हाला काय घ्यायचं ते घ्या. माझे यजमान आजारी होते तेव्हा मी पालीला पाच रविवार बोलले होते. चार झाले आणि ते गेले. पाचव्या रविवारी मी गेले नाही. पुढची सहा वर्षं देव्हाऱ्याला हात लावला नाही, सासूबाई करायच्या. 'आता मानते का' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्या गेल्यावर देव्हारा माझ्यावर आला. खंडोबाचा टाक रांगोळीनं घासताना मला आजही ठाऊक नसतं, की मी देवाचं करते आहे की सासूबाईंचं. पण काळा पडलेला टाक मला बघवत नाही. याला श्रद्धा म्हणायचं की सवय, ते मी ठरवलेलं नाही, आणि पंचवीस वर्षांत माझं त्यावाचून अडलेलंही नाही.

लेकराच्या प्लेटलेट २२ हजार असताना बाप कुणाचीही माफी मागेल. माझ्या ओळखीचे एक कट्टर नास्तिक गृहस्थ ऑपरेशन थिएटरबाहेर रामरक्षा पुटपुटताना मी पाहिलेत. बाहेर आल्यावर ते पुन्हा नास्तिक झाले. त्यांना मी ढोंगी म्हणत नाही, तुम्हालाही म्हणणार नाही. डेंग्यू मात्र डासानं होतो. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा, दिवसा चावणारा डास. तुमच्या गल्लीत पाणी किती दिवसांआड येतं आणि किती घरांत उघडे पिंप भरलेले असतात, ते मोजा. ही गोष्ट आईलाही सांगा, पण वाद घालत बसू नका. त्यांनी ते वाक्य दुष्टपणानं उच्चारलेलं नाही. त्यांनाही कुणीतरी भीती घातली होती, तुमच्याही आधी.

आता पाकीट. तुमचा देवावर विश्वास नव्हता, पण पाकीट ठेवून घेतलंत. मत विकण्यासाठी पैसे घेणारासुद्धा कायद्यानं तितकाच गुन्हेगार असतो, देणाराच नव्हे. मला वाटतं रात्री टोचतंय ते हेच. भंडारा खोटा केल्याचं दुःख सांगता येतं, त्यात थोडी शोभाही असते. दोन हजार खिशात घातल्याचं सांगायला जीभ उचलत नाही. मत तुम्ही योग्य दिलंत म्हणून पैसे शुद्ध होत नाहीत. माझा अंदाज चुकला असेल तर राग मानू नका, पुन्हा पत्र लिहा.

तळीचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. मार्गशीर्षात आई म्हणतील तेव्हा खुशाल तळी उचला. 'येळकोट येळकोट' मोठ्यानं म्हणा, वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे दोन घास जास्त खा. ती हळद तुमच्या आईच्या हातची असते आणि तिच्या बदल्यात कुणी काही मागत नाही. फक्त त्याआधी दोन हजार रुपये परत करून या. दिवसाउजेडी जा, एकटे जाऊ नका, भावकीतली दोन माणसं सोबत घ्या, आणि चहा दिला तरी तिथं बसू नका.