वाचकांचे प्रश्न : खेळातील प्रेमकथा

प्रश्न : माझा मुलगा पणजीला महाविद्यालयात शिकतो. चवथीच्या सुट्टीत तो घरी आला असताना एका रात्री मोबाईलवर गेम खेळता खेळता त्याचे डोळे भरून आलेले मी पाहिले. कारण विचारल्यावर तो एवढेच म्हणाला, ‘‘त्या दोघांचं तुटलं, आणि त्याचं सामान मलाच भरावं लागलं.’’ जत्रेतली नाटके पाहताना डोळे पुसण्याचा संकोच आमच्या पिढीला कधी वाटला नाही. परंतु बोटांनी खेळायच्या खेळातील प्रेमकथेने माणसाला रडू यावे, हे मला उमगत नाही. अशा भावनेला खरे मानावे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या मुलाच्या वाक्यावरून तो ‘फ्लॉरेन्स’ हा खेळ असावा, असे वाटते. केन वाँग यांच्या नेतृत्वाखाली मेलबर्नच्या ‘माउंटन्स’ या स्टुडिओने तयार केलेला हा खेळ २०१८ च्या १४ फेब्रुवारीला प्रसिद्ध झाला आणि तो साधारण पाऊण तासात संपतो. नोकरीच्या चाकोरीत अडकलेली पंचवीस वर्षांची फ्लॉरेन्स आणि चेलो वाजवणारा, भारतीय वंशाचा क्रिश हेमराजानी यांची ही साधी कथा आहे. दोघे भेटतात, एकत्र राहू लागतात आणि कालांतराने वेगळे होतात.

पहिल्या भेटीत फ्लॉरेन्सला बोलते करण्याचे काम खेळाडूकडे येते. तिच्या तोंडचा संवादाचा फुगा तुकड्यातुकड्यांत समोर येतो आणि ते जुळवल्याशिवाय ती बोलूच शकत नाही. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. परक्या माणसाशी बोलताना शब्द शोधावे लागतात आणि आपल्या माणसापुढे ते सहज येतात, हा अनुभव येथे एकही वाक्य न लिहिता बोटांपर्यंत पोहोचवला आहे. पुढे भांडण होते, तेव्हा त्याच तुकड्यांना टोके फुटतात. क्रिश राहायला येतो, तेव्हा त्याच्या वस्तू मांडायला जागा हवी म्हणून तिच्या काही वस्तू बाजूला काढाव्या लागतात, आणि कोणत्या काढायच्या हे खेळाडूच ठरवतो. म्हणूनच तो निघून जाताना त्याचे सामान खोक्यात भरण्याची वेळ येते, तेव्हा प्रत्येक वस्तू आपल्या हाताने ठेवलेली असल्याची जाणीव होते. जत्रेतल्या नाटकात नायिकेचा निरोप आपण मांडवात बसून पाहतो. येथे निरोपाची तयारी प्रेक्षकालाच करावी लागते. आपल्या मुलाने ‘मलाच’ हा शब्द वापरला, तो यामुळेच. पात्रे रंगमंचावरचीही काल्पनिकच असतात, आणि तेथे ढाळलेल्या अश्रूंना आपण खोटे म्हणत नाही.

अर्थात, सर्वच खेळांना हे साधत नाही. भेटवस्तू देत राहावे, ठरावीक उत्तरे निवडावीत आणि प्रेमाचे गुण वाढवत न्यावेत, अशी रचना अनेक खेळांत दिसते आणि मला ती फार उणी वाटते, कारण तेथे समोरची व्यक्ती केवळ जिंकायचे बक्षीस होऊन बसते. याच्या उलट, जेसन रोहरर यांचा २००७ मधील ‘पॅसेज’ हा जेमतेम पाच मिनिटांचा खेळ पाहावा. वाटेत भेटणाऱ्या स्त्रीला सोबत घेतले, तर अरुंद वाटांतून दोघांना जाता येत नाही आणि खजिन्याच्या काही पेट्या कायमच्या हुकतात. दोघांचे केस पिकत जातात, ती आधी जाते, आणि त्यानंतर नायकाची पावले मंदावतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये हा खेळ आपल्या संग्रहात घेतला.

कान गाओ यांचा ‘टू द मून’ (२०११) मात्र आपण मुलासोबत बसून पाहावा, असे सुचवतो. मृत्युशय्येवरील जॉनीला चंद्रावर जायचे आहे, पण का, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. त्याची दिवंगत पत्नी रिव्हर ऑटिझम (स्वमग्नता) असलेली होती, आणि ती कागदाचे ससे घडी घालून करत राहिली. पती प्रत्येक वेळी ससा पाहतो आणि तिला काय म्हणायचे आहे हे त्याला कळत नाही. इतकी वर्षे एका घरात राहूनही न पोहोचलेल्या त्या निरोपाची वेदना मला इतर कोणत्याही खेळात इतकी तीव्रपणे जाणवलेली नाही. उलगडा येथे सांगत नाही. हा खेळ मोबाईलवरही उपलब्ध आहे.

प्रश्न : आमचे नुकतेच लग्न झाले आहे. पती-पत्नीने एकत्र खेळावी अशी एखादी प्रेमकथा आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : जोसेफ फारेस यांचा ‘इट टेक्स टू’ (२०२१) घ्यावा, तो एकट्याने खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे कोडी आणि मे हे दांपत्य लेकीच्या अश्रूंमुळे बाहुल्यांत बदलते. एका भागात त्याच्याकडे खिळे असतात आणि तिच्याकडे हातोडी. त्याने भिंतीत खिळा मारला, तरच तिला त्या खिळ्याला लटकून पलीकडे झेपावता येते. यातील प्रेमाचे धडे देणारे बोलके पुस्तक जरा जास्तच बोलते, कारण त्याचे म्हणणे खिळ्या-हातोडीने आधीच पटवलेले असते. दोघे एकाच संगणकावर खेळणार असाल, तर किमान एक कंट्रोलर (हातात धरून खेळ चालवण्याचे उपकरण) लागेल.