बेडकातले जंत ओळखून पोट भरतं का?

प्रश्न : मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रानातल्या बेडकांच्या अंगात सापडणारे परजीवी कृमी ओळखायचे, नव्या प्रजातींचं वर्णन करायचं, यातच पुढे जाणार म्हणते. घरचे हसतात. मला काळजी वाटते. यात नोकरी मिळते का? – एक आई

उत्तर : ताई, 'बेडकातले जंत ओळखणारे पाहिजेत' अशी जाहिरात कधी दिसणार नाही, हे आधीच सांगते. पण कृमी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं नाव खात्रीने सांगणारी माणसं फार थोडी असतात, आणि ती नजर पशुवैद्यकीय निदान, मत्स्यशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, संग्रहालयं, जंतनाशक औषधांचं संशोधन अशा बऱ्याच ठिकाणी लागते. बेडूक हे तिचं शिकण्याचं साधन समजा.

हसणाऱ्यांना केन टोड नावाच्या बेडकाबद्दल सांगा. उसावरचे भुंगेरे खाईल म्हणून 1935 मध्ये हा टोड ऑस्ट्रेलियात सोडला आणि तोच मोठा उपद्रव होऊन बसला. त्याच्या फुप्फुसात राब्डियास नावाचा गोलकृमी सापडायचा. हा तिथल्या मूळच्या बेडकांचा कृमी, टोडला तो नंतर लागला, असा समज होता. डीएनए तपासल्यावर कळलं की तो टोडसोबतच अमेरिका खंडातून आलाय. टोडवर इलाज म्हणून कृमी वापरायचा विचार असेल, तर तो स्थानिक की परका, यावर सगळा हिशेब बदलतो.

आता कामाचं स्वरूप, कारण माझ्या मते मुलीचा कस तिथेच लागेल. फुप्फुसं, आतडं, मूत्राशय वेगवेगळ्या ताटल्यांत तपासतात, कारण कृमी कुठे सापडला ही ओळखीची पहिली खूण. मूत्राशयात मागच्या टोकाला सहा चूषक (चिकटून राहायच्या वाट्या) असलेला चपटा कृमी दिसला, की पॉलिस्टोमा या कृमीच्या कुळाकडे लक्ष जातं. काटेरी सोंडेचा कृमी असेल तर त्याला आधी साध्या पाण्यात ठेवून सोंड पूर्ण बाहेर येऊ द्यायची. घाईने अल्कोहोलमध्ये टाकला तर ती आतच राहते आणि आकड्यांच्या रांगा मोजता येत नाहीत. पर्णकृमी (पानासारखे चपटे) कार्माइन या लाल रंगाने रंगवायचे, गोलकृमी लॅक्टोफिनॉल या द्रावणात पारदर्शक करायचे. पुष्कळ गोलकृमींची ओळख नराच्या शेपटीजवळच्या बारीक उंचवट्यांवरून पटते, त्यामुळे नुसत्या माद्या सापडल्या की काम अडतं. राब्डियास तर आणखी खट्याळ! फुप्फुसातले सगळेच उभयलिंगी, आणि नर-मादी असलेली पिढी मातीत राहते.

नवी प्रजाती म्हणायची तर मायक्रोमीटरमधली मापं, हाताने काढलेल्या आकृत्या, जवळच्या प्रत्येक प्रजातीशी तुलना आणि प्रमाण नमुना (ज्यावरून प्रजातीचं नाव ठरतं तो) संग्रहालयात जमा करणं, एवढं सगळं आलं. आजकाल जनुकक्रमही (डीएनएमधला अक्षरांचा क्रम) मागतात. महिनोन् महिने जुने शोधनिबंध चाळावे लागतात, आणि शेवटी कृमी जुनाच निघू शकतो.

एक गोष्ट मात्र कडक सांगा. परवानगीशिवाय तिने रानातला एकही बेडूक पकडायचा नाही. वन्यजीवांचे कायदे आहेत, संस्थेच्या नीतिसमितीची संमती लागते, शिवाय बुटांच्या चिखलातून बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. सुरुवात संग्रहालयात जपलेल्या बेडकांपासूनही होते. त्यांच्या पोटातले कृमी तसेच असतात आणि त्यांतूनही नव्या प्रजाती निघाल्या आहेत.

एम.एस्सी.ला जाण्याआधी सुट्टीत तिला एखाद्या परजीवीशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसू द्या. एकाच कृमीची आकृती चौथ्यांदा काढताना ती कंटाळली, तर आताच कळलेलं बरं. रमली, तर सूक्ष्मदर्शक आणि डीएनए दोन्ही शिकवणारा मार्गदर्शक शोधा. विद्यापीठाच्या नावापेक्षा त्याचे जुने विद्यार्थी आज कुठे काम करतात हे आधी विचारा. त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी ती स्वतः बोलली तर उत्तम.